सदर्न गॉस्पेल : जुन्या ध्वनिमुद्रिका आणि त्यांची टिकून राहिलेली गोडी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, मुख्यतः गोऱ्या प्रॉटेस्टंट समाजात, विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेल्या ख्रिस्ती भक्तिगायनाला सदर्न गॉस्पेल म्हणतात. टेनर (सर्वांत वरचा), लीड (मुख्य चालीचा), बॅरिटोन (मधला) आणि बेस (सर्वांत खालचा) अशा चार आवाजांचा क्वार्टेट, साथीला पियानो, आणि स्वर्ग, मरण, आईवडिलांचे घर, येशूची सोबत हे ठरलेले विषय, ही त्याची ढोबळ ओळख. आजही या प्रकारात नवे गट गातात आणि नवी ध्वनिमुद्रणे निघतात. तरी जाणकारांचा जीव १९२० च्या दशकापासून साधारण १९७० पर्यंतच्या रेकॉर्डमध्ये अडकलेला असतो. त्या काळानंतर जन्मलेले, चर्चची पायरी क्वचितच चढणारे श्रोतेही त्या शोधून ऐकतात. याला नुसते स्मरणरंजन म्हणून भागत नाही. या गोडीचे बरेचसे कारण त्या रेकॉर्ड कोणासाठी आणि कशा झाल्या यात सापडते.

पुस्तकांचा धंदा

आरंभी या संगीतात पैसा होता तो गीतपुस्तकांत. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्ग गावी जेम्स डी. व्हॉन यांची प्रकाशनसंस्था होती. १९१० मध्ये त्यांनी पगारी गायकांचा एक क्वार्टेट दौऱ्यावर धाडला. चर्चमध्ये आणि मेळाव्यांत गायचे, लोकांना नवी गाणी आवडली की तिथेच पुस्तके विकायची, असे त्या गायकांचे काम. युक्ती चालली आणि इतर प्रकाशकांनीही ती उचलली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हॉन यांनी स्वतःच्या नावाने तबकड्या काढल्या आणि रेडिओ केंद्रही सुरू केले. दोन्हींचा हेतू जाहिरातीचाच होता.

ही पुस्तके स्वस्त आणि कागदी बांधणीची असत, नवे पुस्तक वरचेवर निघे. स्वरलेखन ‘शेप नोट’ पद्धतीचे असे. पाच रेघांवर स्वर कुठे बसला आहे हे न मोजता त्याच्या डोक्याच्या आकारावरून तो ओळखायचा : ‘सोल’ गोल, ‘ला’ चौरस, ‘मि’ तिरपा चौकोन. चार आकारांची अशी पद्धत १८०१ च्या सुमारास छापील पुस्तकात आली होती. सात स्वरांना सात आकार देणारी जेसी आइकिन यांची पद्धत १८४६ ची, आणि दक्षिणेत पुढे तीच रुळली. फिरते शिक्षक गावात येऊन दहा-पंधरा दिवसांची गायनशाळा भरवत. शेतीची कामे उरकली की पोरेसोरे, बायाबापड्या सगळेच तिथे जात आणि जो तो आपल्या गळ्याला झेपेल तो भाग वाचून गायला शिके.

रेकॉर्डच्या गोडीचे हे पहिले मूळ. तबकडी विकत घेणारा माणूस केवळ ऐकणारा नव्हता. त्याने ते गाणे, निदान त्या धाटणीचे दुसरे एखादे, स्वतः गायलेले असे. बेसचा भाग गाणाऱ्याचे कान रेकॉर्डवरच्या बेसकडेच लागणार. एकच तीन मिनिटांची तबकडी घरातली चार माणसे चार तऱ्हांनी ऐकत.

१९२७ मध्ये अटलांटा येथे फ्रँक स्टॅम्प्स यांच्या क्वार्टेटने व्हिक्टर कंपनीसाठी ‘गिव्ह द वर्ल्ड अ स्माइल’ हे गाणे मुद्रित केले. या प्रकारातली पहिली मोठी रेकॉर्ड कोणती, याचे उत्तर बहुतेक जण तिच्याकडे बोट दाखवून देतात. तिच्या ध्रुवपदात एक गंमत आहे. मुख्य चाल वरच्या आवाजाकडे न राहता बेसकडे उतरते आणि उरलेले आवाज तालाच्या मधल्या जागांवर तुटक शब्द टाकत राहतात. पियानोवर ड्वाइट ब्रॉक आहेत. दोन ओळींमधली रिकामी जागा ते उसळत्या सुरावटीने भरून काढतात, आणि पुढच्या पिढीतल्या गॉस्पेल पियानोवाल्यांनी हीच रीत गिरवली. मुद्रण खरखरीत आहे, पण ठेक्याला आजही पाय हलतो.

एका मायक्रोफोनभोवती

चक वॅगन गँग हा टेक्सासमधला एका घरचाच संच होता. डी. पी. ‘डॅड’ कार्टर हे वडील, त्यांचा मुलगा जिम आणि रोझ व ॲना या दोन मुली. १९३५ मध्ये लबॉकच्या रेडिओवर त्यांनी काम मागितले ते आजारी मुलीच्या औषधपाण्यासाठी पैसे हवेत म्हणून, अशी हकिकत सांगितली जाते. पुढच्या वर्षी फोर्ट वर्थच्या डब्ल्यूबीएपी केंद्रावर एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरात-कार्यक्रमात ते गाऊ लागले. तेव्हा त्यांच्या गाण्यांत गुराख्यांची गाणीही असत. श्रोत्यांची फर्माईश भक्तिगीतांची येऊ लागली तशी बाकीची मागे पडली. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांच्या आज जगभर गाजलेल्या पहिल्या रेकॉर्डही त्याच महिन्यात, त्याच शहरात झाल्या. एकाच फिरत्या यंत्रणेने दक्षिणेचे दोन निराळे आवाज टिपले.

गँगच्या साथीला फक्त गिटार, तीही साधी, झणत्कार मारत जाणारी. रोझचा सोप्रानो, म्हणजे बायकांचा उंच आवाज, चाल धरतो आणि ॲनाचा अल्टो त्याच्या खाली इतका चिकटून चालतो की दोन आवाजांतली फट शोधावी लागते. कुठे कंप नाही, कुठे आवाज चढवून भाव दाखवणे नाही. अल्बर्ट ब्रम्ली यांचे १९३२ मध्ये छापले गेलेले ‘आय विल फ्लाय अवे’ त्यांनी १९४८ मध्ये गायले. मरणाबद्दलचे हे गाणे ते बाजारहाटाला निघाल्याच्या सहजतेने म्हणतात. मला विचाराल तर ही गाण्यातली निरलंकार वृत्ती नंतरच्या कोणत्याही झगमगीत संचाला साधली नाही.

तंत्राचाही यात वाटा आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून दोन-तीन कडवी, ध्रुवपद आणि खेळ खलास. सगळे एकाच वेळी, बहुधा एकाच मायक्रोफोनसमोर गात. आवाजांचा तोल कोणी किती पुढे उभे राहायचे यावर ठरे. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे रेकॉर्डवर ऐकू येतो तो चौघांनी एकमेकांकडे कान देऊन जुळवलेला तोल. १९५० च्या दशकात चुंबकीय फीत आली तरी गायक एकत्रच गात राहिले. पुढे प्रत्येक आवाज फितीच्या स्वतंत्र ट्रॅकवर घेण्याची सोय झाली, तंतुवाद्यांचे ताफे आले, कार्यक्रमातही आधीच मुद्रित केलेली साथ लावून गाणे सुरू झाले. सूर अचूक झाले; चौघे एका खोलीत आहेत हा भास मात्र विरळ होत गेला.

मेम्फिस, अटलांटा आणि सुवर्णकाळ

दुसऱ्या महायुद्धानंतर क्वार्टेट प्रकाशकांच्या दावणीतून सुटले आणि तिकीट लावून गाऊ लागले. वॉली फाउलर यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात रात्रभर गाण्याचा कार्यक्रम भरवला. एकादशीच्या भजनासारखा एका मंडळीने थांबायचे आणि दुसरीने उचलायचे असा हा मामला असे. फरक इतकाच की इथे टाळ्यांवरून कोण कोणाला हरवतो याची उघड चुरस लागे.

त्या चुरशीतली दोन मोठी नावे म्हणजे स्टेट्समेन आणि ब्लॅकवुड ब्रदर्स. अटलांटाचा स्टेट्समेन क्वार्टेट होवी लिस्टर यांनी १९४८ मध्ये उभा केला. लिस्टर दीक्षित बाप्टिस्ट पाळक, पण पियानोवर बसले की केस कपाळावर येईपर्यंत उड्या मारत. लीड गाणारे जेक हेस प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ उच्चारत आणि मग ओळीच्या शेवटी आवाज हलकेच वळवत. ‘बिग चीफ’ वेदरिंग्टन यांचा बेस आणि डेन्व्हर क्रम्पलर यांचा टेनर ही त्यांची दोन टोके. क्रम्पलर १९५७ मध्ये वारले. त्यांच्या काळातल्या स्टेट्समेनच्या रेकॉर्ड आणि नंतर आलेल्या रोझी रोझेल यांच्या काळातल्या रेकॉर्ड यांत श्रेष्ठ कोणत्या, यावर चाहते अजून हमरीतुमरीवर येतात. पहिला पक्ष मला अधिक पटतो, पण रोझेल यांच्या टेनरमधली आर्तता नाकारता येत नाही.

मिसिसिपीत १९३४ मध्ये सुरू झालेले ब्लॅकवुड ब्रदर्स १९५० मध्ये मेम्फिसला आले आणि दोन वर्षांनी आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीशी करारबद्ध झाले. जून १९५४ मध्ये त्यांनी आर्थर गॉडफ्री यांची राष्ट्रीय टीव्हीवरची स्पर्धा जिंकली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला अलाबामातल्या क्लँटन येथे त्यांचे छोटे विमान कोसळले आणि बॅरिटोन आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड व बेस बिल लाइल्स दोघेही गेले. संच मोडला नाही. आर. डब्ल्यू. यांचा धाकटा भाऊ सेसिल आणि बेसला जे. डी. सम्नर आले. सम्नर यांचा आवाज असा खोल की पूर्वीच्या गाण्यांचा तोलच बदलला. त्यामुळे या गटाच्या रेकॉर्ड अपघाताआधीच्या आणि नंतरच्या अशा दोन भागांत ऐकल्या जातात. आधीच्या भागात चौघांचे आवाज एकमेकांत विरघळलेले आहेत. दोन तरुण गायक त्यानंतर लवकरच गेले हे ठाऊक असलेला श्रोता स्वर्गाच्या ओळी वेगळ्या कानांनी ऐकतो, हेही खरे. सम्नर आणि याच गटातले जेम्स ब्लॅकवुड यांनीच १९५७ मध्ये मेम्फिसला नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन हा क्वार्टेटांचा मेळावा सुरू केला.

मेम्फिसच्या एलिस सभागृहातल्या रात्रींना एल्व्हिस प्रेस्ली हा पोरगेला मुलगा हजेरी लावे. तिकिटाला पैसे नसले की आपण त्याला मागच्या दाराने आत घेत असू, असे सम्नर सांगत. १९५८ मध्ये त्याच्या आईच्या अंत्यविधीत ब्लॅकवुड ब्रदर्स गायले. प्रेस्लीला स्पर्धेत मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार भक्तिगायनाचे आहेत, रॉक अँड रोलचा एकही नाही. १९७१ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत सम्नर आणि त्यांचा स्टॅम्प्स क्वार्टेट त्याच्या कार्यक्रमांत साथीला होता, आणि १९७७ मध्ये त्याच्या अंत्यविधीत जेक हेस गायले. जुन्या रेकॉर्डकडे वळणारे परदेशी श्रोते पुष्कळदा याच वाटेने येतात : आधी एल्व्हिस, मग तो ज्यांची नक्कल करत होता ते.

आठवणीतून गळलेले

या गोडीला एक अडचणीची बाजू आहे आणि चाहत्यांच्या लिखाणात ती बहुधा गाळली जाते. हे सगळे वर्णभेदाच्या कायद्यांच्या काळात घडले. मंचावरचे गायक गोरे, आणि सभागृहात काळ्या श्रोत्यांना जागा असलीच तर वेगळी. गाणी मात्र ही रेघ पाळत नव्हती. गोऱ्या क्वार्टेटच्या ठरीव गाण्यांपैकी ‘पीस इन द व्हॅली’ हे थॉमस ए. डॉर्सी या कृष्णवर्णीय संगीतकाराचे, गायिका महेलिया जॅक्सन यांच्यासाठी लिहिलेले. ठेक्याच्या आणि सवाल-जवाबाच्या कितीतरी क्लृप्त्या गोल्डन गेटसारख्या कृष्णवर्णीय क्वार्टेटकडून आल्या. ‘चांगले जुने दिवस’ म्हणून या रेकॉर्ड ऐकणाऱ्याने त्यांच्या शेजारी गोल्डन गेटच्या रेकॉर्डही लावून पाहाव्यात. कोणी कोणाकडून काय घेतले ते कानांनाच कळते.

आणखी एक गैरसमज म्हणजे जुने ते सगळे सोने. १९६० आणि ७० च्या दशकांत शेकडो लहान गटांनी स्वखर्चाने एलपी काढल्या आणि कार्यक्रमानंतर मेजावर मांडून विकल्या. त्यांतल्या पुष्कळ एकसुरी आहेत. पण एखाद्या खेड्यातल्या चर्चचा खरा आवाज ऐकायचा तर त्या मेजावरच्या एलपींइतके दुसरे साधन नाही.

पुन्हा कानांवर

रेकॉर्ड टिकल्या त्या दुकानांपेक्षा रेडिओमुळे. नॉक्सव्हिलचे अंध धर्मोपदेशक जे. बाझेल मल आपल्या कार्यक्रमांतून चक वॅगन गँगच्या रेकॉर्ड वाजवत आणि पोस्टाने विकत. ज्या घरांजवळ रेकॉर्डचे दुकान नव्हते तिथे त्या अशा पोहोचल्या. १९८० च्या दशकापर्यंत बरेचसे जुने गायक निवृत्त किंवा विस्मृत झाले होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये गीतकार-गायक बिल गेदर यांनी आपल्या गटाच्या एका गाण्यासाठी नॅशव्हिलच्या स्टुडिओत होवी लिस्टर, जेक हेस, जेम्स ब्लॅकवुड, व्हेस्टल गुडमन, इव्हा मे लफेव्हर अशा ज्येष्ठांना बोलावले. काम संपल्यावर मंडळी घरी गेली नाहीत. पियानोभोवती जमून जुनी गाणी गात बसली, आणि कॅमेरा चालूच होता. त्या चित्रीकरणातून ‘होमकमिंग’ ही लांबलचक व्हिडिओमालिका निघाली. तिने वृद्ध गायकांना उतारवयात काम दिले आणि प्रेक्षकांना त्यांच्या तरुणपणीच्या रेकॉर्डकडे परत नेले. मालिकेवर अतिभावुकतेचा आरोप होतो, तो सर्वस्वी खोटा नाही.

मूळ रेकॉर्ड सहज मिळणे अजूनही कंपन्यांच्या मर्जीवर आहे. आरसीएच्या संग्रहातले काही सीडीवर आले, पुष्कळसे आले नाही, आणि ती उणीव संग्राहकांनी घरच्या तबकड्या डिजिटल करून भरून काढली आहे. २०१८ च्या अमेरिकी कायद्यानुसार १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी स्वामित्वहक्कातून मुक्त झाली. १९२३ ते १९४६ या काळातल्यांना शंभर वर्षांची मुदत आहे, तेव्हा व्हॉन आणि स्टॅम्प्स यांच्या काळातल्या तबकड्या आता दर जानेवारीला वर्षावर्षाने खुल्या होत आहेत. १९४७ ते १९५६ मधल्यांची मुदत ११० वर्षे. म्हणजे विमान अपघाताच्या वर्षी निघालेल्या ब्लॅकवुड ब्रदर्सच्या रेकॉर्ड २०६४ अखेरपर्यंत बंधनात राहतील, आणि १९५७ पासूनच्या, फेब्रुवारी १९७२ पर्यंतच्या सगळ्या १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत.