दरडोई दारूचा आकडा कुठे फसवतो?

देशादेशांतलं मद्यपान मोजताना बाटल्या मोजून भागत नाही. बिअर, वाइन, व्हिस्की सगळं शुद्ध अल्कोहोलवर आणतात आणि 15 वर्षांवरच्या एकूण लोकसंख्येने भागतात. 5 टक्क्यांच्या 650 मिली बिअरमध्ये 32.5 मिली अल्कोहोल असतं, तर 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीमध्ये, 77 मिली. ‘एक क्वार्टरच घेतली’ म्हणणाऱ्याने बिअरच्या दोन बाटल्यांपेक्षा जास्त घेतलेली असते. मिलीला 0.789 ने गुणलं की ग्रॅम मिळतात, इथे 61. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निकाली काढतं. रात्री अकराला क्वार्टर संपवून सहाला गाडीवर बसणाऱ्याने हा हिशेब स्वतःच करावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार जगाची सरासरी माणशी वर्षाला 5.5 लिटर शुद्ध अल्कोहोल, युरोप विभागाची 9.2 आणि भारताची 4.9. आपण जगाच्या जरा खालीच, असं वाटतं. पण भागाकारात न पिणारेही धरलेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 19 टक्के पुरुषांनी आणि 1 टक्का स्त्रियांनीच पितो म्हणून सांगितलं. दारात आलेल्या पाहणीवाल्याला कोण खरं सांगणार, म्हणून हे प्रमाण कमीच धरायचं. तरीही युरोपात बहुतेक प्रौढ पितात, आपल्याकडे थोडेच. म्हणजे इथल्या पिणाऱ्याच्या वाट्याला सरासरीच्या कितीतरी पट येते.

काय पितात हे शिवारावरही ठरतं. इटलीत द्राक्षं, म्हणून जेवणासोबत वाइन. अन्नामुळे अल्कोहोल जठरात रेंगाळतं, रक्तात हळू चढतं. कोल्हापूरच्या पट्ट्यात ऊस. एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल निघतं, आणि देशातली बरीचशी स्वस्त ‘व्हिस्की’ मळीच्याच स्पिरिटची असते. युरोपीय संघात ती व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथे धान्यच लागतं.

शिवाय विक्री आणि पिणं या दोन वेगळ्या गोष्टी. हातभट्टीची दारू विक्रीच्या नोंदीत येतच नाही, तिचा अंदाज वेगळा मिळवावा लागतो. लक्झेंबर्गमध्ये कर कमी, म्हणून शेजारच्या देशांतले लोक तिथून बाटल्या नेतात आणि त्या चिमुकल्या देशाची दरडोई विक्री फुगते. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आंबोली किंवा फोंडा घाटाने चोरून वर आलेली गोवा बनावटीची दारू विक्रीच्या हिशेबात गोव्याची, पिणारा मात्र इकडचा.