गंगा-ब्रह्मपुत्रा त्रिभुज प्रदेशातील गाळथर

समुद्राची पातळी उतरली की नदी आपलाच जुना गाळ चिरत जाते. पातळी चढली की त्या चिरा पुन्हा भरू लागतात. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात ही उलाढाल थरांच्या रंगावरून वाचता येते.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते आणि समुद्र आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होता. गंगा-ब्रह्मपुत्रेने मैदानात खोल दऱ्या कोरल्या. गाळ किनाऱ्यावर न थांबता ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ या समुद्रतळावरील घळीतून थेट खोल पाण्यात गेला. दऱ्यांमधले उंचवटे मात्र हजारो वर्षे ऊनपावसात उघडे राहिले. त्यांतले लोह गंजून वर घट्ट, तांबूस माती झाली. पुढे ती नव्या गाळाखाली गाडली गेली.

बर्फ वितळून समुद्र चढू लागला तेव्हा या दऱ्या बुडायला हव्या होत्या. कोकणात तसेच झाले : नद्या आखूड, गाळ तुटपुंजा, म्हणून दाभोळ, जयगड, विजयदुर्ग इथे खाड्या उरल्या. बंगालमध्ये सुमारे 11,000 वर्षांपूर्वी मोसमी पाऊस वाढला आणि नद्यांनी आजच्या दुपटीहून अधिक गाळ आणला, असा अंदाज आहे. (आजचाच गाळ वर्षाला सुमारे 1 अब्ज टन भरतो!) समुद्र चढत होता, तरी जमीन त्याच्या बरोबरीने वर येत राहिली. राखाडी वाळू, कांदळवनातला चिखल, अधूनमधून कुजक्या पाल्याचे काळे थर असा हा भराव आहे. सुमारे 7,000 वर्षांपूर्वी समुद्राचा चढ मंदावला आणि किनारा दक्षिणेकडे सरकू लागला.

या थरांचा हिशोब पिण्याच्या पाण्यात लागतो. राखाडी गाळात कुजक्या पाल्यावर जगणारे जीवाणू लोहाची संयुगे विरघळवतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. जुन्या तांबूस वाळूत ते लोहाला धरून राहते. बांगलादेशात चांदपूर जिल्ह्यातल्या मतलब भागातले बोअर मारणारे कारागीर काळी, पांढरी, मळकट पांढरी आणि तांबडी अशा चार वाळू ओळखतात. काळीतले पाणी सर्वांत धोक्याचे, तांबडीतले बरेचसे सुरक्षित. गाडलेल्या तांबूस मातीचा थर वरचे दूषित पाणी खाली झिरपू देत नाही. जुन्या दऱ्यांच्या जागी मात्र तो थर सापडत नाही. नदीने तो तेव्हाच कापून नेला.