सापसुरळी (युट्रोपिस कॅरिनेटा)

सापसुरळी : स्क्वॅमाटा गणातील सिंसिडी कुलाचा सरीसृप. चकचकीत अंग आणि पाचोळ्यातून सळसळत निसटण्याची तऱ्हा यांमुळे हिला ‘सापाची मावशी’ म्हणतात. नाते लांबचेच, चार पाय, मिटणाऱ्या पापण्या आणि कानाची छिद्रे सापाला नसतात. ती विषारी नाही, तरी दिसली की काठी शोधली जाते. शत्रूने धरल्यास शेपूट तोडून पळते. तुटलेला तुकडा काही वेळ वळवळत राहतो.

धड सुमारे १२ सेंमी., शेपूट त्याहून लांब. पाठ तपकिरी, तिच्यावर काशासारखी झाक. दोन्ही बाजूंना एकेक फिकट पट्टा. पाठीवरचा खवला भिंगाखाली पाहिला, तर त्यावर बहुधा तीन बारीक उभ्या कडा दिसतात. लॅटिनमध्ये ‘कॅरिना’ म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. जातिनाम त्यावरून आले. जवळच्या युट्रोपिस मॅक्युलॅरिया या जातीत अशा कडा बहुधा पाच वा अधिक असतात. जाती ओळखताना रंगावर फार भिस्त ठेवू नये, कडा मोजाव्यात.

वर्गीकरण : योहान गॉटलोब श्नायडर यांनी १८०१ मध्ये या जातीचे वर्णन ‘सिंकस’ या प्रजातीखाली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) केले. पुढे ती ‘मॅब्युया’त गेली आणि सरीसृपतज्ज्ञ माल्कम स्मिथ यांच्या १९३५ च्या ग्रंथातही तिथेच आहे. ‘मॅब्युया’ ही प्रजाती म्हणजे एक अवाढव्य गोतावळा होता : आशिया, आफ्रिका, अमेरिका या तिन्ही खंडांतल्या सारख्या दिसणाऱ्या सापसुरळ्या तिच्यात कोंबलेल्या. २००२ च्या सुमारास डीएनएच्या आधारे तिची वाटणी झाली. अमेरिकी जातींकडे ‘मॅब्युया’ राहिले, आफ्रिकी जाती आता ‘ट्रॅकिलेपिस’मध्ये मोडतात, तर आशियाई जातींसाठी फिट्झिंगर यांचे १८४३ चे ‘युट्रोपिस’ हे नाव पुन्हा वापरात आले. बाह्यरूप किती फसवे असते, हे विणीवरून कळते : अमेरिकी मॅब्युया पिलांना जन्म देतात, त्यांना सस्तन प्राण्यांसारखी वार असते, आपली सापसुरळी मात्र अंडी घालते. जुन्या पुस्तकांत व संग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर अजून ‘मॅब्युया कॅरिनेटा’ आढळते, प्राणी तोच.

प्रसार : वायव्येचा रुक्ष पट्टा सोडल्यास भारताचा बहुतेक भाग, तसेच नेपाळ व बांगलादेश. जंगलाची कड, शेताचे बांध, दगडी गडगे, परसबाग अशा जागी ती राहते. दिवसा उन्हात येऊन किडे टिपते. श्रीलंकेतील प्राणी पूर्वी हिचीच उपजाती समजत. आता ते युट्रोपिस लँकी ही स्वतंत्र जाती मानतात. युट्रोपिस प्रजाती पूर्वेला इंडोनेशिया व फिलिपीन्सपर्यंत पसरली आहे. भारतीय शाखेचे पूर्वज आग्नेय आशियातून इकडे आले, असा निष्कर्ष २०१२ मधील एका जनुकीय अभ्यासाने काढला. याच प्रजातीतील युट्रोपिस अल्लापल्लेन्सिस (१९२६) हिचे नाव तेव्हाच्या चांदा, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीवरून पडले आहे.