चिविता दि बान्योरेजो: गावात शिरायला तिकीट का लागतं, त्यामागची गोष्ट

रोम आणि फ्लॉरेन्सच्या मधे एखादा दिवस मोकळा काढून चिविता दि बान्योरेजोला जाऊन येणारे आपल्याकडचे लोक आता बरेच वाढलेत. ऑर्विएतो स्टेशनला उतरायचं, तिथून बसने समोरच्या बान्योरेजो गावात आणि पुढे लांबलचक पायी पूल चढून वर. मग त्या पुलापाशीच प्रश्न येतो की बाबा हे गाव आहे ना, म्युझियम नाही, मग आत जायला पाच युरो कशाचे? प्रश्न रास्त आहे, फक्त त्याच्या उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

हे गाव मध्ययुगीन म्हणून ओळखलं जातं, पण वस्ती त्याहून खूप जुनी आहे, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीची, रोमनांच्या आधी ह्या भागात राहणाऱ्या इट्रस्कन लोकांची. आज आपण ज्या वेशीतून आत जातो तो रस्ताही खडक कोरून काढलेला आहे, वरची कमान नंतरची. टेकडीचा वरचा थर टफचा, म्हणजे बोल्सेना भागातल्या जुन्या ज्वालामुखीच्या राखेचा दगड, तो कोरायला सोपा आणि घरं बांधायला चांगला. त्याच्या खाली मात्र चिकणमाती आहे, पूर्वी तिथे समुद्र होता तेव्हाची. खरी अडचण ती. दोन्ही बाजूंनी रिओ कियारो आणि रिओ तोर्बिदो हे ओढे वाहतात, ते माती खात राहतात, पाऊस उतार धुऊन नेतो आणि घराच्या पायाखालची माती गेली की भिंतीला तडे जावेत तसा वरचा दगड उभा चिरतो आणि कडेचा तुकडा घरादारासकट दरीत जातो. आजूबाजूला जे उघडेबोडके, सुरकुतलेले मातीचे सुळके दिसतात, त्यांना तिथे कालांकी म्हणतात, ती ह्याच धुपेची खूण.

जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. पाणी वळवायचं, उतार बांधून घ्यायचे ही कामं इट्रस्कन काळापासून होत आलीत. म्हणजे हे गाव उभं राहिलं ते सतत कुणीतरी राबत होतं म्हणून, आणि मला वाटतं ह्या जागेचा सगळा इतिहास इथेच आहे, नुसते सुंदर दगडी जिने आणि फुलांच्या कुंड्या बघून तो हाती लागत नाही.

मध्ययुगात इटलीतली कितीतरी गावं अशी उंचावर गेली किंवा उंचावर टिकून राहिली. नवव्या-दहाव्या शतकात किनाऱ्याकडून अरब टोळ्या आणि उत्तरेकडून हंगेरियन घोडेस्वार लुटायला यायचे, सखल भागात मलेरिया, जमीनदारांनाही माणसं एका तटबंदीत गोळा झालेली हवी असायची. चिविताला कडे आधीच होते. वेशीवर दोन दगडी सिंह आहेत, पंजांखाली माणसांची डोकी, ते ऑर्विएतोच्या मोनाल्देस्की घराण्यावर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून दाखवतात.

आणि हे कुठलं तरी आडबाजूचं खेडं नव्हतं हे लक्षात घ्या, इथे बिशप बसायचा. संत बोनावेंतुरा इथलाच, तेराव्या शतकातला मोठा तत्त्वज्ञ, 1257 मध्ये फ्रान्सिस्कन ह्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा प्रमुख झाला, आणि इटलीचा महाकवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला थेट स्वर्गात बोलतं केलंय, तेही बान्योरेजोचं नाव घेऊन. त्याच्या जन्मघराचा बराचसा भाग कधीच दरीत गेला.

मग 1695चा भूकंप. घरं पडली, रस्त्याची नासधूस झाली आणि बिशप, नगराचा कारभार, पैसेवाली घराणी, सगळे समोरच्या बान्योरेजोला निघून गेले, जे तोवर ह्याच गावाचं उपनगर होतं. मागे राहिले ते शेतकरी. माणसं कमी झाली तशी उताराची देखभालही कमी झाली, देखभाल कमी म्हणून कडे आणखी ढासळले, आणि कडे ढासळले म्हणून उरलेलेही हलले. वेशीतून आत आल्यावर एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत दिसते, खिडक्या शाबूत आणि खिडक्यांतून आभाळ, कारण मागचा वाडाच पडलाय. बान्योरेजोकडे जोडणारा मातीचा कणाही झिजत गेला. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवला, आजचा काँक्रीटचा पूल 1965चा आहे.

त्याच काळात इटलीभर डोंगरातली गावं रिकामी होत होती, अर्धेलीची शेती मोडीत निघाली, तरुण पोरं मिलान-तुरिनच्या कारखान्यांत नाहीतर रोमला गेली. बोनावेंतुरा तेक्की हा लेखक ह्याच भागातला, त्याने चिविताला मरत चाललेलं गाव म्हटलं आणि ते बिरुद कायमचं चिकटलं. जुनी घरं जशीच्या तशी राहिली ती मुख्यतः ह्यामुळेच, पाडून नवीन बांधायला इथे पैसेवाला कुणी उरलाच नव्हता.

बाहेरून आलेल्यांमध्ये आस्त्रा झारिना ह्या आर्किटेक्ट बाईंचं नाव आवर्जून घ्यायला हवं. त्यांनी इथली पडकी घरं जुन्या पद्धतीने दुरुस्त केली आणि 1970च्या दशकापासून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे विद्यार्थी आणून त्यांना इथेच शिकवलं. फोटो काढून जाणारे खूप असतात, पडकी भिंत पुन्हा उभी करणारे फार थोडे.

तिकीट आलं 2013 मध्ये, दीड युरो, मग वाढत पाचपर्यंत. त्याआधी वर्षाला चाळीसेक हजार लोक यायचे, नंतर आकडा काही लाखांवर गेला, आणि त्या पैशातून बान्योरेजोच्या नगरपालिकेने रहिवाशांचे स्थानिक कर काढून टाकले, कडे आणि पुलाच्या देखभालीलाही हातभार लागला. बान्योरेजोत हॉटेलं निघाली, पोरांना घराजवळ काम मिळालं. वर चिवितात मात्र कायमचे राहणारे जेमतेम डझनभर, दुपारी त्यांच्या अंगणातून हजारो पावलं जातात, त्यांना त्रास होतोच आणि तो खराच आहे. म्हणून माझं मत असं की जमलं तर रात्री मुक्कामाला राहा, दुपारच्या गर्दीत भर घालू नका, आणि तिकिटावरून कुरकुर करू नका, कारण उतार बांधायला पूर्वी गावातले हात होते, ते आता नाहीत, त्यांची मजुरी कुणीतरी द्यायलाच हवी.

तिथल्या चर्चमधला जुना लाकडी क्रूस गुड फ्रायडेला बान्योरेजोच्या मिरवणुकीत नेतात आणि त्याच रात्री परत आणतात. बिशपची गादी बान्योरेजोला गेली ती गेली, क्रूस मात्र चिवितावाल्यांनी सोडलेला नाही.