'फार भीतीदायक आहे का?' : भयपटांच्या परीक्षणाची पार्श्वभूमी

घरात सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचं ठरतं, कुणीतरी हॉररचं नाव काढतं आणि लगेच प्रश्न सुरू होतात. फार भीतीदायक आहे का? भूत दिसतं की नुसते आवाज? रक्तबिक्त किती? दहावीतल्या पोराला चालेल, पण धाकटीचं काय? दिग्दर्शकाच्या आधीच्या सिनेमाशी याचं काय नातं आहे, हे त्या वेळी कुणालाच जाणून घ्यायचं नसतं. भयपट आणि राक्षसपटांच्या परीक्षणाचा इतिहास चाळला की एक गंमत लक्षात येते. या साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायला वर्तमानपत्रातला समीक्षक जवळजवळ सगळ्यांच्या मागून आला. त्याच्या आधी स्टुडिओ आले, सेन्सॉरवाले आले, टीव्हीवरची सोंगं आली, पोरासोरांची मासिकं आली.

सगळ्यात जुनं उदाहरण तर सिनेमाच्या आतलंच आहे. १९३१ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सलचा 'ड्रॅक्युला' चालला, म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात 'फ्रँकेन्स्टाइन' आला. सिनेमा सुरू होण्याआधी एडवर्ड व्हॅन स्लोन हा नट पडदा बाजूला सारून समोर येतो. अगदी सभ्य सुरात तो सांगतो की स्टुडिओच्या मालकांना तुम्हाला आधी चार शब्दांची सूचना देणं बरं वाटलं. हे बघून तुम्हाला थरार वाटेल, कदाचित धक्का बसेल, कदाचित भीतीनं गाळणही उडेल, आणि ज्यांच्या मज्जातंतूंना हे झेपणार नाही त्यांनी आत्ताच काय ते ठरवावं. जेमतेम मिनिटभराचं हे भाषण. जाहिरातबाजी त्यात आहेच, पण सामान्य प्रेक्षकाला जे विचारायचं असतं त्याचं उत्तरही त्यात आहे. आजच्या कितीतरी परीक्षणांमध्ये तेवढंही सापडत नाही.

याच सिनेमातला एक प्रसंग पुढच्या सगळ्या वादांचं मूळ ठरावा असा आहे. तळ्याकाठी एक लहान मुलगी राक्षसाला फुलं देते. दोघं ती फुलं पाण्यावर तरंगत सोडतात. फुलं संपतात तेव्हा तीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीनं तो तिला उचलून पाण्यात टाकतो. हे बघवणार नाही म्हणून सेन्सॉरनं तो तुकडा कापला. मग पडद्यावर उरलं काय? राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, दृश्य तुटतं, आणि थोड्या वेळानं बाप तिचं निर्जीव शरीर उचलून गावात येतो. मधे काय घडलं असेल याची प्रेक्षकानं केलेली कल्पना मूळ दृश्याहून कितीतरी घाणेरडी होती. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला, तोवर दोन पिढ्यांनी कापलेलाच सिनेमा पाहिला होता. काय दाखवलं याची यादी केली म्हणजे किती भीती वाटेल ते कळतं, असं नाही. ही अडचण भयपटाच्या परीक्षकाला तेव्हापासून चिकटलेली आहे.

ब्रिटनमध्ये सेन्सॉर बोर्डानं १९३० च्या दशकात 'एच' नावाचा शिक्काच काढला. हा सिनेमा भयानक आहे, एवढंच त्याचं म्हणणं. आधी ती नुसती सूचना होती, १९३७ पासून सोळा वर्षांखालच्यांना अशा सिनेमाला प्रवेशच बंद झाला. १९५१ मध्ये त्याच्या जागी 'एक्स' आला. हॅमर या ब्रिटिश कंपनीनं त्या अक्षराचाच धंदा केला. मनाई हीच जाहिरात.

समीक्षक मंडळींचा सूर मात्र वेगळाच होता. १९५७ मध्ये हॅमरचा रंगीत 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आला तेव्हा लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये सी. ए. लेजून बाईंनी आपण पाहिलेल्या सगळ्यात किळसवाण्या अर्धा डझन सिनेमांत त्याची गणना केली. लोकांनी तिकीटबारीवर रांगा लावल्या. पुढे १९६० मध्ये मायकेल पॉवेल या नावाजलेल्या दिग्दर्शकाच्या 'पीपिंग टॉम'ला ब्रिटिश समीक्षकांनी असं काही सोलून काढलं की ब्रिटनमधली त्याची कारकीर्द सावरलीच नाही. त्याच वर्षी हिचकॉकनं 'सायको'चे समीक्षकांसाठीचे खास खेळ ठेवलेच नाहीत. लिहायचं असेल तर लोकांबरोबर बसून बघा, आणि उशीर झाला तर दारातूनच परत जा. समीक्षकांना राग आला असणार, पण मला हा भयपट-परीक्षणाच्या इतिहासातला फार मोलाचा निर्णय वाटतो. रिकाम्या थिएटरात सकाळी अकराला चौघांनी पाहिलेला हॉरर आणि भरल्या थिएटरात रात्री पाहिलेला हॉरर हे दोन निरनिराळे सिनेमे असतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉस्ली क्राउदरनं 'सायको'बद्दल आधी थंड लिहिलं आणि वर्षअखेरीला त्या वर्षीच्या उत्तम दहा सिनेमांत त्याला जागा दिली.

क्राउदरचा आणखी एक किस्सा राक्षसपटांच्या बाबतीतला. जपानच्या तोहो कंपनीचा इशिरो होंडा दिग्दर्शित 'गोजिरा' नोव्हेंबर १९५४ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटांजवळ अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि एक जपानी मासेमारी बोट तिच्या किरणोत्सारी राखेत सापडली होती. सिनेमाची सुरुवातच समुद्रात बुडणाऱ्या बोटीनं होते. जपानी प्रेक्षकाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. अमेरिकेत हा सिनेमा १९५६ मध्ये 'गॉडझिला' म्हणून गेला तो कापूनछाटून. ९६ मिनिटांचे ८० झाले, अणुबॉम्बविषयीचं बोलणं पातळ झालं, आणि रेमंड बर या नटाला अमेरिकन पत्रकार म्हणून मधे मधे चिकटवलं. क्राउदरनं तो हास्यास्पद ठरवला आणि बराच काळ अमेरिकेत 'गॉडझिला' म्हणजे रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातली घरं तुडवतो, एवढीच समजूत राहिली. मूळ जपानी सिनेमा तिथल्या थिएटरांत नीट लागला तो २००४ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. तेव्हा समीक्षकांना त्यातली स्मशानकळा दिसली: इस्पितळात ओळीनं निजवलेले जखमी, किरणोत्सार मोजायला लहान मुलापुढे धरलेलं यंत्र. चूक एकट्या क्राउदरची नव्हती, त्याच्या समोर सिनेमाच अर्धा होता. पण राक्षसपट म्हणजे पोरखेळ हे आधीच ठरलेलं असलं की बाकीचं अर्धं शोधायला कोण जातो?

सामान्य प्रेक्षकाशी खरी गाठ पडली ती टीव्हीवर. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीवर मायला नुर्मी ही बाई 'व्हॅम्पायरा' या नावानं, काळ्या घट्ट झग्यात, मध्यरात्रीचे रद्दड सिनेमे सादर करायची. १९५७ मध्ये युनिव्हर्सलच्या जुन्या सिनेमांचा ५२ चा गठ्ठा 'शॉक' नावानं अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना भाड्यानं मिळाला आणि गावोगावी असे यजमान उभे राहिले. शवपेटीतून उठणारे, पांढरीफटक तोंडं रंगवलेले. फिलाडेल्फियाच्या जॉन झॅकर्लीनं तर कमाल केली. सिनेमा चालू असताना मधेच त्याचा चेहरा यायचा आणि पात्राला उद्देशून काहीतरी टोमणा मारून जायचा. याला परीक्षण म्हणावं का? मी म्हणेन. हा सिनेमा फालतू आहे, तरी आपण मिळून बघू आणि हसू, असं मत चालू सिनेमातच सांगणारा माणूस तो होता. भित्र्या प्रेक्षकाला धीर द्यायला याहून चांगला उपाय नाही.

त्या लाटेवर १९५८ मध्ये जेम्स वॉरननं काढलेलं आणि फॉरेस्ट अकरमननं संपादन केलेलं 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक आलं. भाषा कोट्यांनी भरलेली, वाचक दहा-बारा वर्षांचे. त्यात झोडपणं जवळजवळ नव्हतंच. राक्षस कसा बनवला, मेकअपला किती तास लागले, हे मात्र भरभरून. स्टीव्हन किंगसारखे पुढचे लेखक लहानपणी हेच मासिक वाचून वाढले. यातला भाबडेपणा मान्य, पण मेकअप कसा केला हे कळलं की रात्री लाइट बंद करून झोपता येतं, हे त्या मासिकाला नेमकं उमगलं होतं. १९७९ पासून निघालेल्या 'फँगोरिया'नं तीच वाट मोठ्यांसाठी आणि पुष्कळ जास्त रक्तासह पुढे नेली.

आता तो लेख, ज्याच्यामुळे वर्तमानपत्रातल्या समीक्षकाची मान प्रेक्षकाकडे वळली. जानेवारी १९६९ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये रॉजर ईबर्टनं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'वर लिहिलं. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोनं तुटपुंज्या पैशात काढलेला हा सिनेमा मागच्या ऑक्टोबरात लागला होता. अमेरिकेतली वयानुसारची नवी वर्गवारी नोव्हेंबरपासून सुरू झाली, त्यामुळे त्याला कसलाच शिक्का नव्हता. दुपारचा खेळ, आणि थिएटर लहान मुलांनी भरलेलं. राक्षसाचा सिनेमा म्हणून आईबापांनी पोरांना सोडून दिलेलं. ईबर्टनं लेखात सिनेमापेक्षा थिएटरच जास्त लिहिलं. सुरुवातीला मुलं खिदळत होती, ओरडत होती. हळूहळू आवाज बंद झाला. या सिनेमात कुणीच वाचत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पलीकडच्या रांगेत साधारण नऊ वर्षांची एक मुलगी खुर्चीत अजिबात न हलता रडत बसली होती. 'रीडर्स डायजेस्ट'नं हा लेख पुन्हा छापला आणि तो घरोघरी पोचला. सिनेमा वाईट आहे असं ईबर्टचं म्हणणं नव्हतं, कुणाला दाखवला यावर त्याचा आक्षेप होता. भयपटाच्या परीक्षणात इतका उपयोगी लेख दुसरा क्वचितच सापडेल.

त्याच शहरातला, टीव्हीवरच्या परीक्षणांतला त्याचा जोडीदार जीन सिस्कल १९८० मध्ये दुसऱ्या टोकाला गेला. 'फ्रायडे द थर्टीन्थ' त्याला इतका चीड आणणारा वाटला की खुनी कोण हे त्यानं परीक्षणात मुद्दाम फोडलं आणि सिनेमात काम केलेल्या बेट्सी पामरला निषेधाची पत्रं पाठवा म्हणून वाचकांना तिच्या गावाचं नावही दिलं. सिनेमा धो धो चालला, त्याचे भागांवर भाग निघाले. बायकांना भोसकण्यावर चालणाऱ्या त्या सिनेमांबद्दलचा ईबर्ट आणि सिस्कल दोघांचा राग मला पटतो, सिस्कलची रीत नाही. ज्याला बघायचा होता त्याची मजा घालवली आणि ज्याला बघायचा नव्हता त्याला नवीन काहीच सांगितलं नाही.

उत्तर आलं टेक्ससमधून. १९८२ पासून 'डॅलस टाइम्स हेराल्ड'मध्ये जॉन ब्लूम या पत्रकारानं 'जो बॉब ब्रिग्ज' असं गावठी सोंग घेऊन ड्राइव्ह-इन थिएटरांतल्या सिनेमांवर सदर लिहायला घेतलं. शेवटी तो हिशेब द्यायचा: मुडदे किती, नागडेपणा किती, गाड्यांचे पाठलाग किती, मारामारी कसल्या कसल्या हत्यारांनी. वाचून हसू यायचं, काही जण भडकायचेही. पण बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या घटकांसारखी ती यादी होती आणि ज्याला जे पथ्य असेल त्यानं ते बघून ठरवावं. आज कुठल्या सिनेमात कुत्रा मरतो, कुठे इंजेक्शन दिसतं याच्या याद्या लोक श्रद्धेनं करतात, त्यांचं मूळ या थट्टेत आहे असं मला वाटतं.

दरम्यान १९७९ पासून एड मिंट्झची सिनेमास्कोअर ही संस्था थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांकडून थेट गुण मागवू लागली. त्यातून समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर आकड्यात दिसू लागलं. २०१८ मध्ये 'हेरेडिटरी'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि प्रेक्षकांनी डी प्लस दिला. 'द काँज्युरिंग'ला २०१३ मध्ये त्याच प्रेक्षकांनी ए मायनस दिला होता. प्रेक्षक अडाणी होते म्हणून हे झालं, असं म्हणणं सोपं आहे. 'काँज्युरिंग'मध्ये घाबरवून शेवटी सोडवतात, 'हेरेडिटरी'त शोक गळ्यात बांधून घरी पाठवतात. परीक्षणांनी हे आधी नीट सांगितलं असतं, तर शुक्रवारी रात्री गंमत म्हणून गेलेला माणूस इतका चिडून बाहेर आला नसता.

आपल्याकडे हा प्रकार बराच उशिरा आणि अर्धवट आला. मुंबईतून बाबुराव पटेल १९३५ पासून 'फिल्मइंडिया'त भल्याभल्यांची सालटी काढत होते, पण भुताचे सिनेमे हा वेगळा वर्ग आपल्याकडे खऱ्या अर्थानं १९७२ नंतरचा, रामसे बंधूंनी महाबळेश्वरला 'दो गज जमीन के नीचे' उरकल्यानंतरचा. छापील परीक्षणांत रामसेंच्या वाट्याला मुख्यतः उपेक्षा आली. प्रेक्षकाला काय मिळेल ते पोस्टर सांगायचं आणि 'ए' प्रमाणपत्र सांगायचं. १९९३ मध्ये रामसेंचा 'झी हॉरर शो' टीव्हीवर सुरू झाला तेव्हा तोच माल प्रमाणपत्राशिवाय घरात शिरला. त्याच वर्षी महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आला. तात्या विंचूनं झोप उडवलेली पोरं आता चाळिशीत आहेत आणि त्यांच्या आईबापांना तो लक्ष्याचा विनोदी सिनेमा वाटला होता!

१९८३ मध्ये आलेलं 'यूए' प्रमाणपत्र पालकांवर सोपवून मोकळं व्हायचं. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर वयाचे टप्पे आणि सोबत एका ओळीत कारण देणं आलं, २०२४ पासून थिएटरातही 'यूए'चे ७, १३ आणि १६ असे तीन भाग झाले. वय कळलं, भीतीची जात अजून कळत नाही. 'तुंबाड'चंच घ्या. राही बर्वेंचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ ला 'ए' शिक्क्यासह लागला आणि हॉरर म्हणून विकला गेला. दचकायला गेलेल्यांना हस्तर या लोभी दैवताच्या आडून लोभाची, पावसात कुजणाऱ्या वाड्याची गोष्ट बघायला मिळाली. थिएटरातून तो लवकर उतरला. मग सहा वर्षं लोकांनी एकमेकांना सांगितलं की यात भुतापेक्षा माणूस भयंकर आहे, घाईनं बघू नका, जेवताना तर नकोच. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा एकही दृश्य न बदलता पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला.