रक्तदाबाकडून रक्तप्रवाहाकडे

मोठ्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाची नजर रक्तदाबाच्या आकड्यावर असते. पण अवयव तग धरतात ते त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या रक्तावर, आणि धमन्या आकुंचन पावल्या की प्रवाह रोडावलेला असूनही दाब समाधानकारक दिसू शकतो. दाब मोजणे सोपे आणि प्रवाह मोजणे कठीण, या अडचणीभोवतीच रक्तप्रवाह मोजून त्यानुसार द्रव आणि औषधे देण्याच्या उपचारपद्धतीचा इतिहास घडला आहे.

घोडीच्या धमनीला जोडलेल्या उभ्या नळीत रक्त ८ फुटांहून उंच चढल्याचे स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये प्रसिद्ध केले होते. रुग्णावर सहज वापरता येईल असा रक्तदाब मोजण्याचा दंडाचा पट्टा मात्र १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दिला. हार्वे कुशिंग यांनी १९०१ मध्ये तो पाव्हिया येथे पाहून अमेरिकेत नेला. विद्यार्थिदशेतच भुलेच्या वेळचा नाडीचा तक्ता ठेवू लागलेल्या या शल्यविशारदाला त्याचे मोल चटकन कळले, यात नवल नाही.

प्रवाहाचे गणित आडोल्फ फिक यांनी १८७० मध्येच मांडले होते: शरीराने घेतलेल्या ऑक्सिजनला धमनी आणि शिरेच्या रक्तातील ऑक्सिजनच्या फरकाने भागायचे. पण त्यासाठी सर्व शिरांचे रक्त जेथे एकत्र येते त्या हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त हवे, आणि तेथे जायचे कसे? व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत कॅथेटर, म्हणजे पातळ लवचीक नळी, सरकवून वाट दाखवली. स्वान आणि गान्झ यांनी १९७० मध्ये टोकाला फुगा असलेला कॅथेटर आणला. रक्ताच्या ओघाबरोबर तो फुप्फुसाच्या धमनीत आपोआप जाई, त्यामुळे ही मोजणी क्ष-किरणांच्या पडद्याविना रुग्णाच्या खाटेपाशीच करता येऊ लागली.

त्यानंतरचा उत्साह मात्र पुराव्याच्या पुढे धावला. शूमेकर यांनी १९८८ मध्ये अतिजोखमीच्या रुग्णांत ऑक्सिजनचा पुरवठा नेहमीपेक्षा वाढवल्याने फायदा झाल्याचे मांडले, तर २००३ मध्ये १,९९४ वयस्क शस्त्रक्रिया-रुग्णांच्या चाचणीत या कॅथेटरमुळे मृत्युदर घटला नाही. मोजमाप हा स्वतः उपचार नसतो. त्यावरून काय दिले जाते, हे निर्णायक ठरते.

याच काळात सलाइनच्या प्रमाणाचा वादही पेटला. सढळ हाताने दिलेल्या द्रवाने आतडी सुजतात, म्हणून हात आखडण्याकडे कल झुकला. परंतु २०१८ मध्ये सुमारे ३,००० रुग्णांच्या चाचणीत कमी द्रव मिळालेल्या गटात मूत्रपिंडाची तीव्र इजा ८.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ५ टक्के आढळली.