राइडबदल (मनोरंजन उद्यानांतील)

राइडबदल : मनोरंजन उद्यानातील, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला थीम पार्क म्हणतात तेथील, एखादी राइड कायमची बंद करून तिच्या जागी, तिच्याच इमारतीत किंवा तिच्याच रुळांवर आणि पाण्याच्या पाटांवर दुसरी राइड उभारण्याची पद्धत. जुने सगळे पाडून नवे बांधणे, सांगाडा तसाच ठेवून आतली कथा व सजावट बदलणे आणि यंत्रणा तीच ठेवून फक्त दाखवायची चित्रफीत बदलणे असे याचे लहानमोठे प्रकार आहेत. बदलाचे कारण विचारले की ‘लोकांची आवड बदलली’ हे उत्तर सर्वांत आधी मिळते. ते खोटे नसले तरी अपुरे असते. देखभालीचा खर्च, ताशी किती माणसे बसू शकतात याचा हिशेब, प्रायोजक कंपनीने काढून घेतलेला हात, चित्रपटांचे हक्क आणि समाजाची बदललेली नीतिदृष्टी ही कारणेही तितकीच जोर करतात.

जत्रेतल्या पाळण्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. एका गावची जत्रा उठली की पाळणा खोलून ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी नव्या डोळ्यांसमोर उभा राहतो. यंत्र जुने असले तरी प्रेक्षक दर आठवड्याला नवा असतो. थीम पार्कमध्ये हे गणित उलटे होते. तेथे राइड जमिनीत काँक्रीटने रोवलेली असते आणि माणसे परत परत तिच्याकडे यावीत अशी अपेक्षा असते. लहानपणी जो प्रसंग पाहून दचकलो तोच प्रसंग स्वतःच्या मुलांना घेऊन पुन्हा पाहायला येणारा प्रेक्षक एकाच वेळी दोन गोष्टी मागतो : जुने तसेच असावे आणि नवे काहीतरी असावे. राइडबदलाचा सगळा इतिहास या दोन मागण्यांच्या ओढाताणीचा आहे.

एका राइडचे अवशेष दुसरीत कसे जातात हे कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या एका साखळीत फार स्पष्ट दिसते. न्यूयॉर्कच्या 1964-65 च्या जागतिक प्रदर्शनात जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हा खेळ तयार झाला होता. त्यात मधले रंगमंच स्थिर राहत आणि प्रेक्षकांनी भरलेले प्रेक्षागृहच त्यांच्याभोवती फिरे. विजेने घरगुती जीवन कसे बदलत गेले हे हलते-बोलते यांत्रिक पुतळे प्रत्येक रंगमंचावर दाखवीत. हा खेळ 1967 मध्ये डिस्नेलँडला आला, 1973 मध्ये तेथून हलवला गेला आणि त्याच फिरत्या इमारतीत 1974 मध्ये ‘अमेरिका सिंग्ज’ हा लोकसंगीताचा खेळ बसवण्यात आला. त्यात गाणाऱ्या पशुपक्ष्यांचे शंभराहून अधिक पुतळे होते. दहा-बारा वर्षांत त्याची गर्दी ओसरली. त्याच सुमारास उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला असलेला ‘बेअर कंट्री’ हा भाग ओस पडत होता आणि उंचावरून पाण्यात झेपावणाऱ्या ओंडक्याच्या होडीला इतर उद्यानांत मोठी मागणी होती. टोनी बॅक्स्टर या रचनाकाराने 1983 मध्ये या तिन्ही गोष्टी एका कल्पनेत बांधल्या. ‘अमेरिका सिंग्ज’ 1988 मध्ये बंद झाले, त्यातील बहुसंख्य प्राणी नव्या डोंगरात जाऊन बसले आणि 17 जुलै 1989 रोजी ‘स्प्लॅश माउंटन’ सुरू झाली. सुमारे 16 मीटरच्या कड्यावरून पाण्यात कोसळणारी ही राइड पुढे 1992 मध्ये फ्लोरिडातील मॅजिक किंगडम आणि टोकियो डिस्नेलँड येथेही उभी राहिली.

या राइडने कथा घेतली होती 1946 च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातून. गुलामगिरीच्या प्रथेनंतरच्या अमेरिकी दक्षिणेतील मळ्यावरचे जीवन त्यात गोडगुलाबी करून दाखवले आहे, असा आक्षेप कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाच घेतला होता आणि डिस्ने कंपनीने अमेरिकेत तो घरी पाहण्यासाठी कधीही विक्रीला काढला नाही. यातून एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. ज्यांनी चित्रपटाची एक चौकटही पाहिली नव्हती अशा दोन पिढ्यांना त्यातला ससा, कोल्हा आणि अस्वल तोंडपाठ झाले, ते फक्त राइडमुळे. बदल करण्याचा निर्णय 25 जून 2020 रोजी जाहीर झाला. फ्लोरिडातील राइड जानेवारी 2023 मध्ये आणि कॅलिफोर्नियातील मे 2023 च्या अखेरीस बंद झाली. त्याच पाटांवर आणि त्याच कड्यावर 2009 च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटातील टियाना ही कृष्णवर्णीय नायिका घेऊन ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ उभी राहिली. ती फ्लोरिडात 28 जून 2024 रोजी आणि कॅलिफोर्नियात 15 नोव्हेंबर 2024 रोजी खुली झाली. टोकियोचे उद्यान डिस्नेच्या परवान्यावर दुसरी कंपनी चालवते आणि या दोन ठिकाणांबरोबर तेथे बदल झाला नाही.

येथे आवडीचा प्रश्न नीट पाहिला पाहिजे. स्प्लॅश माउंटनची लोकप्रियता ओसरली नव्हती. शेवटच्या दिवसांतही तिच्यापुढे लांब रांगा होत्या. बदलली होती ती कोणती गोष्ट आनंदाने साजरी करावी याची सामाजिक समज, आणि ती बदलणे योग्यच होते. पण नव्या राइडवर जी टीका झाली ती बहुतांशी कथेच्या बांधणीवर होती. जुन्या राइडमध्ये ससा पकडला जातो, भीती चढत जाते आणि शेवटचा कडा म्हणजे त्याची सुटका असते, त्यामुळे कोसळण्याला अर्थ होता. नव्या कथेत टियाना उत्सवासाठी वादक शोधत फिरते आणि कोणी खलनायक नाही. कडा मात्र तसाच उभा आहे. जुना सांगाडा राखला की त्याच्या उंचसखलपणाशी नवी कथा जुळवावी लागते, आणि ही राइडबदलातील सर्वांत अवघड कला आहे.

कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसचीच पुढची कथा म्हणून फ्लोरिडातील एपकॉट उद्यानात 1 ऑक्टोबर 1983 रोजी ‘होरायझन्स’ सुरू झाली होती. भविष्यकाळातील घरे, वाळवंटातील शेती, समुद्रतळावरील आणि अवकाशातील वस्त्या यांच्यामधून प्रवासी संथपणे सरकत जात; शेतीच्या दृश्यात संत्र्यांचा वास येई आणि परतीचा मार्ग अवकाशातून, वाळवंटातून की समुद्रातून हे बटण दाबून प्रवासीच ठरवत. आजी, बाप आणि चार वर्षांचे मूल यांनी शेजारी बसून पाहावी अशी ही राइड होती. जनरल इलेक्ट्रिकने 1993 मध्ये प्रायोजकत्व सोडले आणि पुढील वर्षाच्या अखेरीस राइड थांबली. शेजारच्या दोन मोठ्या इमारतींत दुरुस्ती सुरू झाल्यामुळे, पाहुण्यांना जायला काहीतरी हवे म्हणून, ती 1995 च्या अखेरीस पुन्हा चालू केली गेली आणि 9 जानेवारी 1999 रोजी कायमची बंद झाली. तिची इमारत पाडून 2003 मध्ये ‘मिशन : स्पेस’ आली. ही गरगर फिरणाऱ्या यंत्रावरील राइड असून तिच्यात अवकाश-उड्डाणाचा दाब शरीरावर प्रत्यक्ष जाणवतो. थरार हवा या मागणीला दिलेले हे थेट उत्तर होते. परंतु पुष्कळांना मळमळू लागले, आसनापुढे पिशव्या ठेवाव्या लागल्या, आणि 2006 मध्ये न फिरणारी सौम्य आवृत्ती वेगळी सुरू करावी लागली. पुढे 2017 मध्ये तिला पृथ्वीप्रदक्षिणेची स्वतंत्र चित्रफीतही मिळाली आणि तिच्यासाठीची उंचीची अट खाली आणण्यात आली. ज्या सर्वसमावेशक संथपणाला जुनाट ठरवून इमारत पाडली, त्याच्याकडेच अर्धे पाऊल मागे यावे लागले. म्हणून होरायझन्स पाडण्यात घाई झाली असे म्हणायला जागा आहे.

देखभालीचे ओझे राइडला कसे बुडवते याचे उदाहरण पाणबुड्यांचे आहे. डिस्नेलँडच्या पाणबुड्या 1959 च्या, तर मॅजिक किंगडमच्या 1971 च्या. दोन्ही ठिकाणी पाणबुडी खरे तर बुडत नसे. तिच्या खिडक्या पाण्याच्या पातळीखाली असत आणि ती तळाशी बसवलेल्या मार्गावरून सरके. अरुंद जिन्याने उतरायचे, त्यामुळे अपंग प्रवाशांची अडचण होई आणि चढ-उतारात वेळ जाई. फ्लोरिडात सुमारे 4 कोटी लिटर पाण्याचा तलाव स्वच्छ ठेवावा लागे. ती राइड 5 सप्टेंबर 1994 रोजी बंद झाली, तलाव बुजवला गेला आणि 2014 मध्ये त्या परिसरात सात बुटक्यांच्या खाणगाडीची कौटुंबिक रोलर कोस्टर आली. कॅलिफोर्नियातील पाणबुड्या मात्र 1998 मध्ये थांबूनही मोडीत निघाल्या नाहीत. त्यांची डिझेल इंजिने काढून विजेची यंत्रणा बसवली गेली आणि 2007 मध्ये निमो माशाची कथा घेऊन त्या पुन्हा पाण्यात आल्या.

क्षमतेचा हिशेब बदलाआधी झाला नाही तर काय होते हे एपकॉटच्याच नॉर्वे दालनात दिसले. तेथील ‘मेलस्ट्रॉम’ ही 1988 ची छोटी होडीची राइड 5 ऑक्टोबर 2014 रोजी बंद झाली आणि तोच जलमार्ग वापरून 21 जून 2016 रोजी ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ सुरू झाली. ‘फ्रोझन’ या डिस्नेच्या चित्रपटाची लोकप्रियता प्रचंड, पण होड्या आणि पाट तेवढेच, त्यामुळे रांगा फार वाढल्या. एका खऱ्या देशाच्या दालनात काल्पनिक राज्य आणून बसवल्याची खंतही अनेकांनी व्यक्त केली, आणि ती रास्त आहे. मेलस्ट्रॉममध्ये नॉर्वेच्या समुद्रपर्यटनाचा, दंतकथांचा आणि तेलउद्योगाचा थोडा तरी परिचय होत असे.

रोलर कोस्टरच्या बाबतीत आवडीचा बदल शरीराच्या भाषेत मोजता येतो. लाकडी कोस्टरचा पहिला भरभराटीचा काळ 1920 च्या दशकाचा. कोनी आयलंडची ‘सायक्लोन’ 1927 ची आहे आणि ती आजही टिकून आहे. डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ने 1959 मध्ये नळीच्या आकाराचे पोलादी रूळ आणले आणि वळणे तीव्र करता येऊ लागली. कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानाच्या ‘रेव्होल्यूशन’ने 1976 मध्ये आधुनिक पद्धतीचा उभा पूर्ण वळसा यशस्वी केला, आणि पुढे बराच काळ किती वेळा उलटे होतो हीच कोस्टरची प्रतिष्ठा ठरली. नंतर उंचीची चढाओढ आली. न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ 2005 मध्ये 139 मीटर उंचीची झाली. ती 2024 मध्ये बंद होऊन फेब्रुवारी 2025 मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आली. अशा विक्रमी कोस्टर वारंवार नादुरुस्त होतात आणि त्यांची प्रत्यक्ष दौड अर्ध्या-पाऊण मिनिटात संपते.

अलीकडची आवड वेगळी आहे. टेकडीच्या माथ्यावर आसनावरून क्षणभर उचलले जाण्याची तरंगती जाणीव आता उंचीपेक्षा मोलाची मानली जाते. जुन्या लाकडी कोस्टरमध्ये ती असे, पण वर्षे गेली की रूळ सैल होऊन पाठीला हिसके बसत. यावर रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने काढलेला उपाय राइडबदलाच्या इतिहासात मोलाचा आहे : लाकडी सांगाडा शक्य तितका राखून त्यावर नव्या घडणीचे पोलादी रूळ घालायचे. टेक्सासमधील ‘टेक्सास जायंट’ 2009 मध्ये थांबवून 2011 मध्ये अशी पहिली कोस्टर तयार झाली. ओहायोतील सीडर पॉइंटची ‘मीन स्ट्रीक’ 2016 पर्यंत हादऱ्यांसाठी कुप्रसिद्ध होती. तिच्याच लाकडातून 2018 मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ झाली आणि तिची गणना जगातील उत्तम कोस्टरमध्ये होऊ लागली. पाडण्याऐवजी पुन्हा घडवण्याचा हा मार्ग खर्चाच्या आणि स्मृतीच्या दोन्ही हिशेबांत सरस ठरतो.

पडद्यावरच्या राइडचा बदल सर्वांत सोपा असतो. युनिव्हर्सल उद्यानात ‘बॅक टू द फ्यूचर’ची हलणारी वाहने आणि घुमटाकार पडदे तसेच ठेवून 2008 मध्ये ‘द सिम्प्सन्स’ची राइड झाली. हीच सोय पुढे दोषही ठरली, कारण एकामागून एक पडदेच दिसू लागल्यावर प्रेक्षक खऱ्या वस्तूंच्या, खऱ्या पाण्याच्या आणि खऱ्या पुतळ्यांच्या राइड मागू लागले. कोस्टरवर बसून डोळ्यांना आभासी जगाचा चष्मा लावण्याची टूम 2015-16 च्या सुमारास आली आणि तितक्याच वेगाने मागे पडली. प्रत्येक फेरीनंतर चष्मे पुसणे आणि नीट बसवणे यांत गाडी सुटायला उशीर होई.

महाराष्ट्रात कायमस्वरूपी मोठ्या उद्यानांचा इतिहास छोटा आहे. मुंबईच्या गोराईतील एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये आणि खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये सुरू झाले. इमॅजिकाच्या मूळ आकर्षणांत 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’ या हिंदी चित्रपटावरील हलत्या आसनांची राइड होती. चित्रपटाचा आधार घेतलेली राइड त्या चित्रपटाच्या स्मृतीइतकीच जगते, की स्प्लॅश माउंटनप्रमाणे ती स्मृती स्वतःच जिवंत ठेवते, हा प्रश्न आपल्याकडेही त्यामुळे उभा राहतो.

राइड गेली तरी तिची खूण ठेवण्याचा शिष्टाचार रचनाकारांनी जपला आहे. मॅजिक किंगडममधील ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ वाचवण्यासाठी चाहत्यांनी उद्यानात जमून निषेध केला होता. ती 1998 मध्ये बंद झालीच, पण 1999 मध्ये तिच्या जागी आलेल्या विनी द पूच्या राइडमध्ये टोड बेडूक घुबडाच्या हाती मालकीचे कागद देत असल्याचे चित्र लावले गेले. युनिव्हर्सलच्या ऑरलँडो उद्यानात किंग काँगच्या इमारतीत 2004 मध्ये ममीची कोस्टर आली, तेव्हा तिच्या खजिन्याच्या दालनात काँगची सोनेरी मूर्ती ठेवण्यात आली. इंग्लंडच्या आल्टन टॉवर्सने 2008 मध्ये बंद केलेल्या ‘कॉर्कस्क्रू’च्या वळणदार रुळांचा तुकडा प्रवेशद्वाराजवळ उभा केला. आणि ‘अमेरिका सिंग्ज’मधील सगळे प्राणी स्प्लॅश माउंटनमध्ये गेले नव्हते : दोन हंसांची पिसे उतरवून त्यांचे यांत्रिक सांगाडे 1987 मध्येच डिस्नेलँडच्या ‘स्टार टूर्स’च्या रांगेत यंत्रमानव म्हणून कामाला लावण्यात आले होते.